हुंकार देऊ नये

ऑगस्ट अर्धा सरला, की इथल्या वाटांच्या कडेची काटेरी कुंपणं काळ्या फळांनी लगडतात आणि मी मान वळवून चालते. फळांचा काही दोष नाही. ब्लॅकबेऱ्या त्या. कुणी लावलेल्या नसतात, कुणाच्या मालकीच्या नसतात, चालता चालता तोडाव्यात आणि तोंडात टाकाव्यात. माझ्या घरमालकीणबाई, नलिनीकाकू, त्यांना करवंदंच म्हणतात. साउथहॅम्प्टनमध्ये पस्तीस वर्षं काढली, नवरा इथल्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता, मुलगा इथे जन्मला. पण चिपळूणच्या मुलीला काटेरी जाळीत काळं फळ दिसलं की ते करवंद. “चव नाही गं तशी. पण बिचाऱ्यांनी एवढं पिकवलंय, तर नावं कशाला ठेवायची?” काकूंचं हे वाक्य पहिल्या ऑगस्टात मी हसून सोडून दिलं. त्यात त्यांचा अख्खा स्वभाव होता आणि त्या स्वभावातच माझी फसगत होती, हे कळायला मला पुढचा ऑगस्ट उजाडावा लागला.

आज ऑफिसला जाताना बसस्टॉपच्या खांबावर एक कागद चिकटवलेला दिसला. मोबाइल वापरणारी साठीच्या पुढची माणसं हवीत, पाऊण तास लागेल, चहा-बिस्किटं मिळतील. खाली फोन नंबराच्या कातरलेल्या पट्ट्या, त्यातली एकही कुणी फाडलेली नव्हती. प्रबंधांचा मोसम. युनिव्हर्सिटीत मास्टर्सची मुलं आता डोळ्यांखाली काळं घेऊन फिरत असतील, कॉफीवर जगत असतील आणि माणसं शोधत असतील. मी तो कागद इतका वेळ वाचत उभी राहिले, की बस आली आणि माझ्या देखत निघून गेली.

मी सांगलीची. इंजिनिअरिंग झाल्यावर माणूस आणि संगणक यांच्या नात्याचा अभ्यास करायला इथे आले. वडिलांनी विचारलं होतं, “म्हणजे नक्की काय शिकणार तू?” मी म्हटलं, यंत्र आणि माणूस यांचं जमतं का, नाही जमलं तर चुकलं कुणाचं, हे बघायचं. वडील म्हणाले, “म्हणजे घरातली भांडणं सोडवायची. त्याला एवढ्या लांब कशाला जायला हवं?”

पहिल्याच आठवड्यात मी युनिव्हर्सिटीच्या एका मोठ्या बाथरूममध्ये गेले. आत अंधार. इथे दिव्याची दोरी छताला टांगलेली असते, एवढं काकूंच्या घरी शिकले होते. हाताला दोरी लागली, ओढली, आणि जो भोंगा वाजायला लागला! दुसऱ्या मिनिटाला दाराबाहेर दोन सिक्युरिटीवाले, एक बाई, आणि “आर यू ओके, लव्ह?” ती दोरी पडलेल्या माणसाने मदतीसाठी ओढायची होती. मी लाजेने अर्धमेली. दुपारी वर्गात फिओनाने, म्हणजे आमच्या बाईंनी (इथे बाईंना नावाने हाक मारतात, हा आणखी एक धक्का), ती गोष्ट माझ्याच तोंडून सगळ्यांना सांगायला लावली. मग विचारलं, “चूक कुणाची?” मी म्हटलं, “माझी. सॉरी.” फिओना म्हणाली, “नाही. दोरीची.”

मी थक्क झाले. आमच्या घरी दूध उतू गेलं, कपाटाची किल्ली अडकली, टीव्हीचा रिमोट चालला नाही, तर चूक माझीच असायची. “धांदरट” हे माझं पाळण्यातलं नाव म्हटलं तरी चालेल. आणि इथे एक पिकल्या केसांची बाई सांगत होती, की माणूस गोंधळला तर वस्तूला जाब विचारायचा. त्या दिवशी घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक दाराकडे, बटणाकडे, पार्किंगच्या यंत्राकडे मी फौजदारासारखी बघत आले. जिन्याखालच्या माझ्या भाड्याच्या खोलीत जायच्या आधी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “दोरीला काय कळतं गं? आपणच जरा नीट बघावं.”

फिओनाची दुसरी शिकवण मौनाची. समोरच्याच्या हातात फोन द्यायचा, एक काम सांगायचं, आणि काम करता करता मनात जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. आपण मात्र तोंड शिवून बसायचं. मान हलवायची नाही, हसायचं नाही. तो अडखळला तर अडखळू द्यायचं. त्याचं अडखळणं हीच आपली मिळकत. मी वहीत मराठीत लिहून घेतलं होतं: हुंकार देऊ नये. खाली दोन रेघा.

लिहिणं सोपं होतं. लहानपणी माझा मामा गोष्ट सांगायचा तेव्हा त्याची अटच असायची, हं म्हणायचं. हं थांबला की गोष्ट थांबली; राजपुत्र अर्ध्या डोंगरावर, राक्षस अर्धा उठलेला, आणि मामा ढिम्म. आपल्याकडे फोनवरही पलीकडचा माणूस दोन वाक्यं हं ऐकू आला नाही तर घाबरून विचारतो, “आहेस ना?” मी ज्या घरात वाढले तिथे गप्प बसून ऐकणं म्हणजे रागावलेलं असणं. इंग्रज माणूस तुमचं बोलणं संपेपर्यंत डोळ्यांनी ऐकतो. आम्ही नाकातून ऐकतो. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं, की मी गप्पच बसते.

प्रबंधासाठी मला विषय मिळाला तो एका लहानशा कंपनीचा. डोळ्यांच्या एका क्लिनिकसाठी ती ॲप बनवत होती. क्लिनिककडून पुढची वेळ फोनवर येणार, पेशंटने ती पक्की करायची. बस, एवढंच. मला आठ वयस्क माणसं हवी होती आणि माझी बिस्किटांची जाहिरात वाचून एकच आजोबा आले, तेही बिस्किटं खाऊन गेले. काकूंनी कपाळावर हात मारला. “अगं, आपल्या मराठी मंडळात एवढी माणसं आहेत, आणि तू खांबांवर कागद कसले लावतेस?” दोन दिवसांत सात जणांच्या वेळा ठरल्या. आठव्या काकू स्वतः.

आणि काकूंना त्या ॲपचं खरंच काम होतं. त्यांचा डावा डोळा मी यायच्या आधीच गेला होता. आतल्या पडद्यावर रक्तस्राव होऊन मधोमध डाग पडलेला. तोच आजार उजव्या डोळ्यालाही लागला होता, आणि तो डोळा टिकवायला दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. त्याच क्लिनिकमध्ये. इंजेक्शन वेळेवर, तर डोळा शाबूत. “एकाच खिडकीचं घर आहे माझं,” त्या म्हणायच्या आणि हसायच्या.

तो ऑगस्ट मला वासासकट आठवतो. पुढची खोली, पोह्यांवर पिळलेलं लिंबू, गालिच्यावर पडलेलं तिरकं ऊन. एकेक काका-काकू यायचे, इस्त्रीचे कपडे घालून, जणू त्यांचीच तोंडी परीक्षा. मी पाठ केलेलं सांगायची, “परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. काहीही चुकलं तरी तुमची चूक नाही.” ते मान डोलवायचे. आणि सगळ्यांना जमलं! आठच्या आठ जणांनी वेळ पक्की केली. शेवटी प्रत्येक जण म्हणाला, “छान केलंयस हं, सोपं आहे.” काकूंची पाळी आली तेव्हा त्या नुकत्याच ब्लॅकबेऱ्यांचा मुरंबा ढवळून आल्या होत्या. बोटं जांभळी. फोनच्या काचेवर जिथे जिथे त्यांनी बोट ठेवलं, तिथे तिथे जांभळा ठिपका उमटला. मी गंमत म्हणून त्या काचेचा फोटो काढून प्रबंधात लावला होता.

रेकॉर्डिंग ऐकून मी इंग्रजीत उतरवून काढलं. नियमाप्रमाणे आँ, ऊँ, हं असले निरर्थक आवाज गाळून टाकले. कागद स्वच्छ दिसला पाहिजे ना. फिओनाला मराठी येत नाही, तिने तो स्वच्छ कागद वाचला आणि म्हणाली, “मदत न घेता आठही जणांना जमलं. रिमार्केबल.” मला डिस्टिंक्शन मिळालं. त्याच कंपनीने मला नोकरी दिली. यूएक्स डिझायनर! सांगलीला वडिलांनी पेढे वाटले आणि लोकांना सांगितलं, की मुलगी फोन सोपे करते.

पहिली नोकरी म्हणजे काय मजा असते. भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या, सकाळची उभ्या उभ्या मीटिंग, माझ्या तोंडी “यूजर” हा शब्द दिवसातून शंभरदा. मार्चमध्ये ॲप क्लिनिकला गेलं. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, म्हाताऱ्या माणसांना जमेल ना? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छाती फुगवून माझा आठ जणांचा तक्ता दाखवला. त्यानंतर क्लिनिकने ॲप घेतलेल्या पेशंटांना फोन करून वेळ कळवणं बंद केलं. काकूंच्या फोनवर ॲप मीच घालून दिलं होतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी काकू चहा ओतत होत्या आणि चहा कपाशेजारी पडत होता. टेबलावरून ओघळून फरशीवर. त्यांना दिसत नव्हतं. मी किटली हातातून घेतली. त्या अगदी सहज म्हणाल्या, “अगं, हे दार कुणी वाकवलं? आठ दिवस झाले, चौकट मधेच वाकडी दिसते.” चौकट सरळ होती.

मी लंडनला, एजवेअरमध्ये राहणाऱ्या निखिलला, त्यांच्या मुलाला, फोन केला. दोन तासांत गाडी घेऊन आला. इमर्जन्सीत नेलं. संध्याकाळी तो कार पार्कमध्ये माझ्यासमोर उभा राहिला आणि हमसून रडायला लागला. “मानसी, शी कान्ट सी माय फेस. आईने मला विचारली, जेवलास का, आणि ती माझा कानाकडे बघत होती. इंजेक्शन मिस झाला म्हणतात. हाऊ? ती एक पण मिस नाही करत. ॲप होता ना तिच्याकडे?”

होता. मी काकूंना विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिले. जूनमध्ये पहिल्यांदाच ॲपवर वेळ आली होती; आधीच्या वेळा जुन्याच पद्धतीने ठरलेल्या होत्या. मंगळवार, सव्वादहा. त्यांना ती दिसली, त्यांनी कॅलेंडरवर लिहिली, फोन बाजूला ठेवला. मंगळवारी बस पकडून गेल्यासुद्धा. तिथे कळलं, वेळ पक्की केलेली नाही, म्हणून ती दुसऱ्याला दिली. आता सहा आठवड्यांनी. “मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं. “काय म्हणणार? म्हटलं, सॉरी, माय मिस्टेक.”

“मला का नाही सांगितलंत, काकू? खालच्या खोलीत तर राहते मी!”

“तुझंच ॲप ना ते. तुला वाईट वाटलं असतं.”

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण उगाच नीट केलं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी लॅपटॉप उघडला. नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग्ज त्या महिन्यात पुसून टाकायची होती. त्या आधी मला फक्त एवढंच बघायचं होतं, की घरी जे काकूंना जमलं ते जूनमध्ये का जमलं नाही. बाहेर उजेड होता, शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. हेडफोन लावले. काकूंचा आवाज आला.

“हं, हे उघडलं. मंगळवार आहे का हे? हो, मंगळवार, सव्वादहा. बरं. झालं मग.”

शांतता. दोन सेकंद, तीन सेकंद.

“नाही झालं? अजून खाली आहे का काही?”

“हं,” मी म्हणते आहे. माझा आवाज. मऊ, नाकातला, शहाण्या भाचीचा.

“सरकवते मग वर. हे हिरवं दाबू?”

“हं.”

“दाबलं. छान आहे गं. सोपं आहे.”

 परत लावलं. परत तेच. पक्कं करायचं बटण पडद्याच्या खाली दडलेलं होतं. वेळ दिसली की कुणालाही वाटणार, झालं. काकूंनाही वाटलंच होतं. त्या “झालं” म्हणाल्या होत्या! मग माझा हं आला नाही, म्हणून त्यांनी ओळखलं, की नाही झालं. पुढे माझा हं आला, म्हणून ओळखलं, की हे बरोबर. आयुष्यभर माणसांच्या हुंकारावरून वाट काढत आलेली बाई. तिने पडदा वाचलाच नव्हता, मला वाचलं होतं. मी बाकीची सात रेकॉर्डिंग्ज लावली. कुलकर्णीकाका, देशमुखकाकू, सगळे. त्याच जागी प्रत्येक जण थांबला होता, “झालं ना?” म्हणाला होता, माझ्या मौनाने सावध झाला होता आणि माझ्या हं वर पुढे गेला होता. आठच्या आठ. आणि कागदावरून ते सगळे हं मी माझ्या हाताने पुसले होते, स्वच्छ दिसावं म्हणून. मी हेडफोन काढून ठेवले. गवत कापणं चालूच होतं.

काकू घरी आल्यावर त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसून मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकवलं. मला वाटलं, आता तरी ओरडतील. त्या स्वतःचाच आवाज कौतुकाने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं गं, तू सांगत होतीस ते.”

“मग तेव्हा का नाही म्हणालात, की तुम्हाला ते कळलं नाही म्हणून? मी किती वेळा सांगितलं, परीक्षा तुमची नाही!”

“माझी नव्हती, मान्य. पण तुझी होती ना? पोरीची परीक्षा, आणि मी तिला नापास करू?”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कुणीतरी रागावून दोन शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सोमवारी ऑफिसात जाऊन सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेले होते, दुपारपर्यंत सामानही मनात भरून झालं होतं. गेली नाही. क्लिनिकने फोन पुन्हा सुरू केले, बटण वर आलं, आणि सगळ्या चाचण्या नव्याने करायच्या ठरल्या. फिओनाला लांबलचक मेल लिहिली, तिचं एका ओळीचं उत्तर आलं: आता तू हे कधीच विसरणार नाहीस. हेही काकूंच्या न रागावण्याइतकंच लागलं.

नव्या चाचणीला काकू हट्टाने बसल्या. अक्षरं मोठी केली होती, फोन डोळ्याच्या कडेला तिरका धरला की त्यांना थोडं दिसायचं. पुन्हा ब्लॅकबेऱ्यांचे दिवस, पुन्हा जांभळी बोटं. मी समोर बसले, दात आवळून. त्या चाचपडल्या, मागे गेल्या, थांबल्या. “हे का गं?” मी गप्प. “मानसी, आहेस ना?” मी गप्प.  बराच वेळ गेला. मग काकूंनी फोन टेबलावर ठेवला आणि जरा चिडूनच म्हणाल्या, “नाही जमत. वाईट केलंय हे.” माझ्या सगळ्या शिक्षणातली पहिली खरी नोंद मी त्या दिवशी लिहिली.

याला दोन वर्षं झाली. इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलं ते परत आलं नाही. काकूंना कडेकडेचं दिसतं: खिडकीचा उजेड, गालिच्याची किनार, कुंपण. मधोमध करडा ठिपका. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, असा हा आजार आहे. माणसाचे खांदे दिसतात, चेहरा नाही. मी खोली बदलली नाही; निखिल दर शनिवारी येतो, चिडल्यासारखा वागतो आणि जाताना माझ्यासाठी वेम्बलीहून आणलेली मेथी ठेवून जातो. ऑफिसात मी आता मौनासाठी प्रसिद्ध आहे. नव्या लोकांना चाचणी कशी घ्यावी हे दाखवायला मलाच बसवतात. मी पाऊण पाऊण तास दगडासारखी बसू शकते. समोरचा घामाघूम झाला तरी माझ्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ते मौन माझ्या अंगात किती भिनलंय, हे मला आज संध्याकाळी कळलं.

घरी आले तर काकू स्वयंपाकघरात. टेबलावर ब्लॅकबेऱ्यांचं पातेलं, एकेक फळ बोटांनी चाचपून देठ काढणं चाललेलं. माझी चाहूल लागताच बोलायला लागल्या. चिपळूणला शाळा सुटल्यावर जाळीत शिरलेल्या, नवा फ्रॉक काट्याने टराटरा फाटला, मग आईच्या भीतीने त्या तो फ्रॉक विहिरीच्या काठावर... मी दारात उभी राहून ऐकत होते. मन लावून ऐकत होते. खांबावरचा तो कागद दिवसभर डोक्यात होता आणि मी त्यांच्या जांभळ्या बोटांकडे बघत होते. गोष्ट विहिरीपाशी येऊन थांबली.

“मानसी?”

काकूंनी हातातलं फळ खाली ठेवलं. मान वर केली. “आहेस ना गं?”

त्या फ्रिजकडे बघून विचारत होत्या. मी दारात होते, आणि त्या फ्रिजकडे बघून, चेहऱ्यावर तेच जुनं हसू आणून, उत्तराची वाट बघत होत्या.  ज्या आवाजाने त्यांचा डोळा घेतला, त्याच आवाजावर आता त्यांना मी दिसत होते.

“हं,” मी म्हणाले.

फ्रिजकडचा चेहरा माझ्या दिशेने वळला. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले, पातेल्यात हात घातला, आणि अर्ध्या वाक्यावर उभी राहिलेली ती मुलगी फाटका फ्रॉक घेऊन विहिरीवरून पुढे निघाली.

“हं,” मी म्हणाले. “हं, काकू. मग?”